थांब्याचा ओटा

आमच्या शेजारी एक आजी राहतात. वय 78 वर्षे. रक्तदाबाच्या गोळ्या आणायला त्यांना दर महिन्याला तालुक्याला जावे लागते. एके दिवशी सकाळी आजी थांब्यावर गेल्या. गाडी आली. दार उघडले. आजींनी दांडा धरला, पाय उचलला. पण पायरी गुडघ्याच्या वर! पाय काही पोचेना. मागच्या लोकांची घाई चालली होती. शेवटी आजीच बाजूला झाल्या. गाडी निघून गेली.

आम्ही विचारले, "काय आजी, गाडी चुकली?"

त्या म्हणाल्या, "न्हाई गुरुजी. गाडी येळेवर आली व्हती. मीच चुकले."

त्या महिन्यात आजींच्या गोळ्या आठ दिवस बंद राहिल्या.

आता गंमत पाहा. आजींना तिकिटाला एक पैसाही पडत नाही. सन 2022 च्या ऑगस्टपासून 75 वर्षांवरील माणसांना महाराष्ट्रात एस.टी.चा प्रवास फुकट झाला. वयाचा पुरावा दाखवायचा आणि बिनपैशाचे तिकीट घ्यायचे. 65 ते 75 वर्षांच्या माणसांना अर्धे तिकीट. अपंगांनाही मोठी सवलत आहे. पण गाडीत चढताच आले नाही, तर फुकट तिकीट घेऊन काय करायचे?

पायरी एवढी उंच का, हेही समजून घेऊ. आपल्याकडची बस बहुधा मालमोटारीसारख्या सांगाड्यावर बांधतात. खाली मोठी चाके, त्यांवर सांगाडा आणि त्यावर माणसे बसायची जागा. खड्ड्यांच्या रस्त्याला तशीच गाडी टिकते. पुण्या-मुंबईत बुटक्या बसगाड्या धावतात. त्यांची फरशी जमिनीपासून सुमारे 400 मिलीमीटर, म्हणजे हातभरापेक्षाही कमी उंच असते. आपल्या रस्त्यावर ती गाडी पोटाला घासेल. तेव्हा ड्रायव्हरला दोष देऊन उपयोग नाही. त्याने का पायरी बांधली?

मग रेल्वेचे कसे? रेल्वेची गाडीही उंचच असते. पण तिथे फलाट असतो. गाडी खाली येत नाही, म्हणून जमीन वर उचलली. तेच आपल्या थांब्यावर करता येते.

वीतभर उंचीचा पक्का ओटा बांधावा. दार कुणा गाडीचे पुढे, तर कुणाचे मागे असते. म्हणून ओटा गाडीइतका, म्हणजे सुमारे पंचवीस हात लांब असावा. वर जायला पायऱ्या नकोत, उतार हवा. एक वीत उंचीला बारा विती लांब उतार धरावा. त्याहून खडा केला, तर कुबडीवाला माणूस घसरतो. उताराला धरायला कठडा हवा. ओट्याच्या कडेला पांढरा पट्टा मारावा, म्हणजे अधू नजरेच्या माणसाला कड कळते. रस्ता ज्या खात्याचा असेल, त्याची परवानगी मात्र आधी घ्यावी. नाहीतर बांधलेला ओटा पाडावा लागेल.

चाकाच्या खुर्चीवर बसणाऱ्याचे एवढ्याने भागणार नाही, हे आम्ही जाणतो. त्याला रुंद दाराची आणि उताराची फळी असलेली गाडीच पाहिजे. तीही मागावी. हे मागणे भीक नव्हे. सन 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात बसथांब्यांवरच्या सोयींचे नाव घेऊन लिहिले आहे.

पैशाचे काय? ग्रामपंचायतीला आपल्या उत्पन्नातले 5 टक्के अपंगांसाठी खर्चायचे असतात. ग्रामसभेत उभे राहून विचारावे, "यंदाचे पाच टक्के कुठे खर्च झाले? त्यातून ओट्याला काय देता येईल?" विचारायला लाजू नये. उत्तर कार्यवृत्तात लिहून घ्यायला सांगावे.

पण ओटा बांधला आणि गाडी चार हात दूर उभी राहिली, तर सगळे फुकट. म्हणून आगाराला अर्ज करावा. लिहायला शिकलो, ते अशाच कामासाठी. अर्ज असा लिहावा:

"मा. आगार प्रमुख यांस,

आमच्या गावात 75 वर्षांवरील ...... माणसे व ...... अपंग माणसे आहेत. थांब्यावर गावाने ओटा बांधला आहे. तरी गाडी ओट्याला लागून उभी करावी. म्हातारे किंवा अपंग माणूस जागेवर बसेपर्यंत गाडी हलवू नये. आंधळ्या माणसांसाठी वाहकाने गाडी कुठे जाणार ते मोठ्याने सांगावे. अपंगांच्या राखीव जागा त्यांना मिळवून द्याव्यात, ही विनंती.

आपले नम्र,"

मोकळ्या जागी आकडे अंदाजाने भरू नयेत. घरोघर जाऊन मोजावे. आम्ही मोजायला गेलो, तेव्हा एका घरी पोलिओने पाय गेलेला मुलगा भेटला. शाळा तालुक्याला, म्हणून सातवीनंतर घरीच बसला होता. त्याच गावात आम्ही शिकवत होतो, तरी आम्हाला हे ठाऊक नव्हते.

खाली सर्वांनी सह्या कराव्यात. आजींनी आमच्या वर्गात गेल्या वर्षी सही शिकली. अर्जावर पहिली सही त्यांची आहे. अक्षर वाकडे आहे, पण वाचता येते. अर्जाच्या दोन प्रती कराव्यात. एक आगारात द्यावी. दुसरीवर पोच म्हणून शिक्का व तारीख घ्यावी आणि ती जपून ठेवावी.