दवणा

दवणा ही एक सुवासिक वनस्पती आहे. तिला संस्कृतात दमनक म्हणतात. शास्त्रीय नाव आर्टेमिसिया पॅलेन्स असे आहे. ते गुरुजींनी फळ्यावर लिहून दिले. दवण्याचे रोप माझ्या गुडघ्याच्या थोडे वर येते. पाने बारीक कातरलेली असतात. त्यांवर पांढुरकी लव असते. फुले पिवळी व अगदी लहान असतात, पण वासासाठी फूलच पाहिजे असे नाही. पान चुरगळले तरी हाताचा वास लवकर जात नाही.

आमच्या वरवंडला ऊस फार. आम्ही मात्र विहिरीजवळ एक गुंठा दवणा लावतो. बी इतके बारीक की फुंकर मारली तर उडून जाईल. आजी ते फडक्यात बांधून दोन दिवस ओले ठेवते. मग वाळूत मिसळून वाफ्यात टाकते. जुने बी उगवत नाही, म्हणून काही झाडे बियाला राखावी लागतात. दिवाळीनंतर पेरले की फाल्गुनात काढणी येते. त्या वेळी पाऊस आला तर वाटोळेच. यंदा ढग आले तेव्हा अण्णांनी दोन दिवस आधीच कापला.

चैत्रात देवाला दवणा वाहतात. कोल्हापूरजवळ जोतिबाची यात्रा चैत्री पौर्णिमेला भरते. तिथे गुलाल, खोबरे आणि दवणा लागतोच. तेवढे दिवस जुडीला भाव असतो. मग आजी म्हणते, "यात्रा सरली की दवण्याला कुत्रंबी इचारत न्हाई."

पण दवण्याचे तेल निघते. कर्नाटकात त्यासाठी मोठी शेती करतात. पाला भांड्यात भरून खालून वाफ सोडतात. वाफ थंड केली की पाणी होते व तेल वर तरंगते. (आमटीच्या झाकणाला पाणी सुटते, तसेच.) हे तेल महागड्या अत्तरांत घालतात. ज्याच्या त्याच्या अंगावर त्याचा वास निराळा येतो म्हणे.

शंभर किलो ओल्या पाल्याला तेल दोनशे ग्रॅमच्या आसपास मिळते. मी हिशेब केला. आमच्या गुंठ्यात सव्वाशे किलो पाला निघाला तर तेल फक्त पाव किलो! एवढ्यासाठी भट्टी कोण लावणार? अण्णा म्हणतात, दहा घरांनी दहा-दहा गुंठे लावला तर विचार करता येईल. उसवाले हसतात.

आता बी काढून ठेवले आहे. कोणाला पाहिजे असल्यास चिमूटभर देऊ. पण दिवाळीच्या आत सांगा, नंतर ते आम्हीच पेरणार.