परराज्यातून साक्षीचं समन्स आलंय ना? ऐक तर मग

अगं, आधी एक गोष्ट पक्की मनात धर: साक्षीला बोलावलं म्हणजे तुझ्यावर आळ आला असं होत नाही. कागदावर तुझ्या नावापुढे ‘साक्षीदार’ लिहिलंय, ‘प्रतिवादी’ नाही, ‘आरोपी’ तर नाहीच. नाशिकच्या अंबडमधल्या कंपनीत तू हिशेबाला होतीस, डिलिव्हरी चलनांवर सह्या तुझ्या आहेत आणि त्या कंपनीचं बंगळुरूच्या एका गिऱ्हाइकाशी पैशांवरून बिनसलंय. एवढ्यासाठी तू रात्र रात्र जागतेस? आईला सांगायचीसुद्धा लाज वाटतेय तुला. सांगून टाक गं. घरात दडवलेला कागदच पुढे घात करतो. मी इतकी वर्षं कोर्टात नोकरी केली ती हेच बघत.

आता समन्स खरं आहे का, ते बघू. हल्ली हे पहिलं बघावं लागतं. २०२५ च्या ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली, कारण अंबाल्याच्या एका वृद्ध दाम्पत्याला न्यायालयाचेच बनावट आदेश दाखवून एक कोटीहून जास्त रुपयांना लुबाडलं होतं. तेव्हा व्हिडिओ कॉलवर कुणी साहेब बनून ‘घराबाहेर पडू नका, पैसे या खात्यात टाका’ म्हणाला, तर फोन ठेव आणि १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळव. ‘डिजिटल अटक’ नावाची गोष्ट कायद्यात नाही. तुझा कागद मात्र बेलिफाने आणून दिलाय, म्हणजे तो बहुतेक नाशिकच्या कोर्टातूनच फिरून आलाय. दुसऱ्या राज्यातलं दिवाणी न्यायालय समन्स आपल्याकडच्या न्यायालयाकडे धाडू शकतं, मग इथला बेलिफ ते बजावतो. सीबीएस बसस्थानकाजवळ जिल्हा न्यायालयात नाझरकडे, म्हणजे बेलिफांचं काम बघणाऱ्या अधिकाऱ्याकडे, विचारलं की उलगडा होईल. शिवाय ई-कोर्ट्सच्या ॲपवर दाव्याचा सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक टाक. पक्षकारांची नावं, पुढची तारीख, सगळं दिसतं. कानडी मजकूर वाचता येत नाही म्हणून अंदाजाने काही धरून चालू नकोस. जाणकाराकडून शब्द न् शब्द समजून घे, तारीख तर दोनदा तपास.

बेलिफ आला त्या दिवशी घरी फक्त वहिनी होत्या आणि ‘पुरुष माणूस नाही, नंतर या’ असं म्हणायला निघाल्या होत्या, हे ऐकून मला वाईट वाटलं. दिवाणी समन्स घरातली सज्ञान स्त्री केव्हापासूनच घेऊ शकते. फौजदारीत मात्र जुनी दंड प्रक्रिया संहिता ‘सज्ञान पुरुष’ असंच म्हणायची. १ जुलै २०२४ पासून नवी नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि तो ‘पुरुष’ गेला. मला या एका शब्दाच्या जाण्याचं फार अप्रूप आहे. घरातल्या बाईच्या हाती कागद दिला तर तो पोचला, हे कायद्याने मानायला एवढी वर्षं लागली!

तुझा अमेरिकेतला चुलतभाऊ म्हणाला, दुसऱ्या राज्याचं समन्स मानायची गरज नसते. त्याच्याकडे तसं असेल. तिथे दिवाणी दाव्यात परराज्यातलं समन्स सहसा स्थानिक न्यायालयाकडून नव्याने काढून घ्यावं लागतं. आपल्याकडे १९०८ ची दिवाणी प्रक्रिया संहिता नाशिकला आणि बंगळुरूला एकच. राज्याची हद्द आड येत नाही. सबळ कारण न कळवता गैरहजर राहिलीस तर वॉरंट निघू शकतं, मालमत्तेवर जप्ती येऊ शकते, पाच हजारांपर्यंत दंडही होऊ शकतो.

पण हद्द आड येत नसली तरी अंतर येतं, आणि तुझ्या कामाचं इथेच आहे. त्याच संहितेच्या सोळाव्या आदेशातला एकोणिसावा नियम सांगतो की न्यायालयाच्या स्थानिक हद्दीबाहेर राहणाऱ्या साक्षीदाराला शंभर किलोमीटरच्या आतून बोलावता येतं. वाटेचा सहापैकी पाच भाग रेल्वेने किंवा ठरलेल्या सार्वजनिक वाहनाने होत असेल, तर पाचशेच्या आतून. त्यापलीकडच्या साक्षीदाराला जातीने हजर राहा असा हुकूम करता येत नाही. बंगळुरू आपल्यापासून हजारभर किलोमीटर. गंमत बघ, याच नियमाने नागपूरही आपल्याला लांबच पडतं, आपल्याच राज्यात असून. फक्त एक अपवाद आहे: विमानाची सोय असेल आणि तुला विमानाचं भाडं दिलं, तर बोलावता येतं. नाशिकजवळ ओझरला विमानतळ आहे, तेव्हा हे विसरू नकोस. आणि विमान असो की रेल्वे, प्रवासाचा नि राहण्याचा भत्ता बोलावणाऱ्या पक्षाने न्यायालयात भरायचा असतो. तो भरलाय का, हे विचारण्यात संकोच कसला? तुझी एक दिवसाची मजुरी बुडाली तरी तुझ्या घरात फरक पडतो.

मग करायचं काय? गप्प बसायचं नाही, न्यायालयाला लिहायचं. तारखेच्या आत, दावा क्रमांक घालून, साधा अर्ज: मी नाशिकला राहते, अंतर एवढं, घरी लहान मूल आहे, साक्ष द्यायची तयारी आहे, ती कमिशनवर नाशिकला घ्यावी किंवा व्हिडिओ कॉन्फरन्सने घ्यावी. ‘तयारी आहे’ हे शब्द गाळू नकोस, टाळाटाळ करतेय असं वाटता कामा नये. कमिशन म्हणजे तिथल्या न्यायालयाने इथल्या न्यायालयाला तुझी साक्ष नोंदवायला सांगणं. परराज्यासाठी तशी तरतूदच आहे. आणि व्हिडिओचा रस्ता तर महाराष्ट्रातल्याच एका खटल्याने रुंद केला. मुंबईच्या डॉ. प्रफुल्ल देसाईंवरच्या खटल्यात न्यूयॉर्कचे डॉ. ग्रीनबर्ग साक्षीला भारतात यायला तयार नव्हते. २००३ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की फौजदारी खटल्यातही साक्ष पडद्यावरून घेता येते. न्यूयॉर्कहून चालते, तर नाशिकहून मागायला तू का कचरावंस?

अर्ज मंजूर झाल्याचं कळेपर्यंत मात्र आपली सुटका झाली असं धरू नकोस. तारखेवर लक्ष ठेव.

समन्समध्ये नुसती कागदपत्रं मागितली असती तर तीही दुसऱ्याच्या हाती पाठवता आली असती, स्वतः जाणं भाग नव्हतं. तुझ्याकडे जुन्या चलनांच्या झेरॉक्स आहेत म्हणालीस. कंपनीची मूळ कागदपत्रं तुझ्या ताब्यात नाहीत, हे स्पष्ट लिही. आणि यातलं काहीही जुन्या मालकाच्या माणसाला ‘जरा बघायला’ म्हणून देऊ नकोस. त्यांचा फोन येईल. ‘ताई, एवढंच म्हणा’ असं गोड बोलतील. साक्ष तुझी आहे. सही तुझी असेल तर माझी आहे म्हण, आठवत नसेल तर आठवत नाही म्हण. इतकी वर्षं झाल्यावर सगळं आठवावं, अशी अपेक्षा कुणी धरत नाही.

आणखी एक, हे पुढेमागे उपयोगी पडेल. परराज्यातल्या पोलिसांनी तपासात साक्षीदार म्हणून ‘इकडे येऊन जबाब द्या’ म्हटलं, तर बाईला तिच्या राहत्या ठिकाणाबाहेर बोलावता येत नाही. जबाब घ्यायला त्यांनी यायचं. नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७९. मात्र कागदावर कलम ३५ असेल तर तो संशयितासाठीचा असतो. तेव्हा एक तासही न घालवता वकील गाठायचा.

वकिलाच्या पैशांची काळजी करतेयस, ते तुझ्या चेहऱ्यावर दिसतंय. स्त्रीला मिळकत कितीही असो, मोफत विधी साहाय्य मागायचा हक्क आहे, १९८७ च्या कायद्याने. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण न्यायालयाच्या आवारातच आहे, हेल्पलाइन १५१००. सोमवारी अकराच्या आत सीबीएसला उतर. समन्सच्या दोन झेरॉक्स, आधार कार्ड आणि कंपनी सोडल्याचं पत्र घेऊन ये. नाझरकडे आधी जाऊ, मग वर विधी साहाय्याला.