सांघिक खेळ आणि किशोरी

जागतिक आरोग्य संघटनेने १९९० च्या दशकात दहा जीवनकौशल्ये सांगितली. निर्णय घेणे, परिणामकारक संवाद साधणे, ताणाला तोंड देणे ही त्यांपैकी काही होत. परंतु निर्णय घेण्याची संधीच जिला मिळत नाही, तिने हे धडे नुसते पाठ करून काय साधणार? किशोरवयात मुलाचे विश्व विस्तारत जाते. अनेक घरांतील मुलींचे मात्र याच वयात आक्रसत जाते. म्हणूनच सांघिक खेळाचे महत्त्व मोठे आहे.

हॉकीचे उदाहरण घेऊ. पेनल्टी कॉर्नरच्या वेळी गोलरक्षक धरून केवळ पाचजणी गोलरेषेमागे उभ्या राहतात. उरलेल्या सहाजणींना मध्यरेषेपलीकडे जावे लागते. चेंडूवर कोणी धावून जायचे आणि गोलखांब कोणी सांभाळायचा, हे आधीच ठरवावे लागते. गोलरक्षक मोठ्याने सूचना देते. घरी जिला हळू बोलण्याचे वळण लावलेले असते, तिचा मोठा आवाजच येथे संघाच्या उपयोगी पडतो.

पराभव पचविणे हेही एक कौशल्यच आहे. हरियाणातील शाहाबाद मारकंडा येथील गरीब कुटुंबात वाढलेली राणी रामपाल प्रशिक्षक बलदेव सिंग यांच्या हाताखाली घडली आणि २०१० मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी, विश्वचषक स्पर्धेत खेळली. २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये तिच्या नेतृत्वाखालील संघ पहिले तीन सामने हरला. तरीही त्याने पुढचे दोन सामने जिंकले, उपान्त्यपूर्व फेरीत ऑस्ट्रेलियाला १-० असे हरविले आणि अखेर चौथे स्थान मिळविले.

मात्र केवळ मैदानात उतरल्याने ही कौशल्ये आपोआप अंगी बाणत नाहीत. प्रत्येक निर्णय प्रशिक्षकानेच घेतला, तर मुली केवळ आज्ञापालन शिकतील. कर्णधारपद आळीपाळीने द्यावे; सामन्यानंतर 'चूक कोणाची?' असे न विचारता 'पुढच्या वेळी काय करू?' असे विचारावे व उत्तर मुलींनाच शोधू द्यावे. मैदानाजवळ स्वच्छतागृह, सायंकाळी घरी परतण्याची सुरक्षित सोय आणि मासिक पाळीविषयी मोकळेपणा यांचीही तितकीच गरज आहे. या गोष्टींच्या अभावी मुलीचा खेळ मध्येच सुटतो आणि खेळाबरोबर शिक्षणाची ही संधीही तिच्या हातून निसटते.