सायकलचे चाक आणि रस्त्याचे हादरे : गिऱ्हाइकाला खरे काय सांगाल?

‘लोखंडी रिम काढून ॲल्युमिनियमची टाका, गाडी मऊ चालेल,’ असा सल्ला दुकानात सहज दिला जातो. गिऱ्हाईक पैसे मोजते आणि चार दिवसांनी परत येऊन म्हणते, ‘हादरे तर तसेच आहेत!’ त्याचा पैसा जातो आणि दुकानाची पतही जाते. म्हणून चाकाचा कोणता भाग काय काम करतो, हे कारागीर बंधूंनी नीट समजून घ्यावे.

ताणलेल्या तारांचे चाक उभ्या दिशेने फार ताठ असते. स्वाराच्या वजनाने रिम मिलिमीटरचे जेमतेम काही दशांश दबते; टायर मात्र कित्येक मिलिमीटर दबतो. म्हणजे खड्ड्याचा धक्का मुख्यतः टायरमधील हवा झेलते. जॉन बॉइड डनलॉप यांनी १८८७ साली मुलाच्या तीनचाकी सायकलला हवेचे टायर बसवले, ते याच हादऱ्यांपायी.

मग ॲल्युमिनियम घ्यावेच कशाला? त्याचे फायदे वेगळे आहेत. चाक हलके होते, त्यामुळे गाडी उचलायला आणि चढ चढायला सोपी जाते. ते गंजून सडत नाही. पावसात गुळगुळीत क्रोम रिमवर ब्रेक घसरतो, ॲल्युमिनियमवर तो अधिक चांगला धरतो. कार्बनची रिम याहूनही हलकी करता येते, पण ती महाग असते. ओझे वाहणाऱ्या गाडीला तिचा उपयोग नाही.

रिम बदलताना दोन गोष्टी तपासा. जुन्या काळ्या गाडीच्या सळईच्या ब्रेकचे रबर रिमच्या आतल्या, म्हणजे हबकडील बाजूस दाबते. बाजूने ब्रेक लागणारी रिम तिथे चालणार नाही. ब्रेकही बदलावे लागतील. दुसरे, ‘२८’ या एकाच आकड्यावर माल मागवू नका. २८ × १½ टायरची बैठक ६३५ मिलिमीटरची असते, तर ७००-सी टायरची ६२२. एकाचा टायर दुसऱ्या रिमवर बसत नाही.

हादऱ्यांची तक्रार आली तर आधी हवा पाहा. टायरवर छापलेली सर्वांत जास्त हवा प्रत्येक स्वाराला लागतेच असे नाही. हलक्या स्वारासाठी पाच-पाच पौंड कमी करून गाडी चालवून पाहा. मागच्या चाकावर वजन जास्त असते, म्हणून पुढे थोडी कमी हवा चालते. मात्र फार कमी केल्यास ट्यूब रिमखाली चिमटते आणि रिमला पोचा पडतो. फ्रेममध्ये जागा असेल तर रुंद टायर सुचवा. चाकाचा आऊट काढा, सैल तारा कसा आणि हबचे छर्रे तपासा.

एवढे करून भागले, तर रिम विकण्याची घाई करू नका. आज थोड्या मजुरीत समाधानी गेलेले गिऱ्हाईकच उद्या नव्या गाडीसाठी तुमच्याकडे येईल.