गावाचे अंगण

घराला अंगण असावे, तसे गावाला मैदान असावे. सातारा जिल्ह्याच्या खटाव तालुक्यात, येरळा नदीच्या काठी वडूज वसले आहे. अशा गावांतून पूर्वी मैदान निराळे शोधावे लागत नसे. सुगी सरल्यावर रिकामी झालेली खळी, देवळासमोरील पटांगण आणि उन्हाळ्यातील नदीचे कोरडे पात्र हीच मुलांची क्रीडांगणे असत. पुढे वस्ती वाढली. घरे, दुकाने आणि रस्ते यांनी मोकळ्या जागा व्यापल्या. जी थोडी जागा उरली, तीत कोठे बाभळी माजल्या, तर कोठे केरकचऱ्याचे ढीग साचले. जेथे मुले खेळत नाहीत, ती जागा फार काळ मोकळी राहत नाही. आणि एकदा गेलेली जागा गावास सहसा परत मिळत नाही.

अशा वेळी 'कोणीतरी मैदान करून द्यावे' असे म्हणत स्वस्थ बसणे सोपे असते. परंतु या मुलखाची रीत तशी नाही. येथील कुस्तीची तालीम पाहावी. तालमीतील तांबडी माती आयती मिळत नाही. ती चाळावी लागते. तीत ताक, तेल, हळद व लिंबाचा रस मिसळावा लागतो आणि ती वरचेवर खणून मऊ ठेवावी लागते. ही कामे मल्ल स्वतःच करतात. कराडजवळील गोळेश्वर गावचे खाशाबा जाधव अशाच मातीत वाढले आणि १९५२ साली हेलसिंकी येथील ऑलिंपिकमध्ये त्यांनी कुस्तीचे कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताच्या खेळाडूने मिळविलेले ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. त्यांच्या प्रवासखर्चासाठी लोकांनी वर्गणी जमविली होती. खेळाडू एकटा जिंकतो. परंतु त्याच्या पायाखालची माती अनेकांनी तयार केलेली असते.

श्रमाची ही शिकवण कर्मवीर भाऊराव पाटील यांनी शिक्षणातही आणली. त्यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली आणि १९२४ साली साताऱ्यास वसतिगृह सुरू केले. तेथे निरनिराळ्या जातींची मुले एकत्र राहत, एकत्र जेवत आणि आपली कामे आपल्या हातांनी करीत. एकाच घमेल्याला दोघांचे हात लागले, की कोण कोणत्या घरचा हा प्रश्न मागे पडतो, हे त्या मुलांना निराळे शिकवावे लागले नाही.

अलीकडच्या काळात खटाव व माण या दुष्काळी तालुक्यांनी श्रमदानाचे मोठे उदाहरण घालून दिले. पाणी फाउंडेशनने भरविलेल्या वॉटर कप स्पर्धेत गावांना ४५ दिवस श्रमदानाने मृद्संधारण व जलसंधारण करावयाचे असे. २०१७ साली खटाव तालुक्यातील भोसरे गावाने या स्पर्धेत द्वितीय क्रमांकाचा मान मिळविला; २०१८ साली माण तालुक्यातील टाकेवाडी राज्यात पहिली आली. भर उन्हाळ्यात स्त्रिया, पुरुष, म्हातारी माणसे आणि मुले माळावर जमत, आणि कुदळ, फावडे व घमेले यांच्या साहाय्याने चर खणीत.

जी अवजारे चर खणतात, तीच मैदानही घडवितात. भेद इतकाच, की चरात पाणी अडवावयाचे असते, आणि मैदानावरून ते वाहून जाऊ द्यावयाचे असते. मात्र कुदळ मारण्यापूर्वी जागा कोणाची आहे, हे सातबाऱ्याच्या उताऱ्यावरून व गावठाणाच्या नकाशावरून पाहिले पाहिजे. ती सार्वजनिक असेल, तर ग्रामपंचायतीची अथवा नगरपंचायतीची रीतसर संमती घ्यावी लागते. नंतर बाभळीचे काटे, फुटक्या काचा व दगड वेचून काढावेत. मग पातळी पाहावी. पारदर्शक नळीत पाणी भरून तिची दोन टोके दोघांनी धरली, की दोन्ही टोकांचे पाणी एकाच पातळीवर स्थिरावते. त्यावरून जमिनीचा चढउतार कळतो. उंचवट्याची माती खळग्यात टाकावी; परंतु एका बाजूस शंभर फुटांना सुमारे एक फूट इतका उतार राखावा, म्हणजे पावसाचे पाणी साचत नाही. त्यावर बारीक मुरूम पसरावा, पाणी शिंपडावे व रोलर फिरवावा. शेवटी फक्कीने रेषा आखाव्यात. लहान गटाच्या कबड्डीस ११ मीटर लांब व ८ मीटर रुंद जागा पुरते. खो-खोला २७ मीटर लांब व १६ मीटर रुंद जागा लागते. जड कामे मोठ्यांनी करावीत. खडे वेचणे, पाणी देणे आणि कडेला कडुनिंब व करंज लावणे ही कामे मुलांना सहज जमतात.

मोकळ्या जागेचे मोल परदेशांतही असेच ओळखले गेले आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर नेदरलँड्समधील ॲमस्टरडॅम शहरात ओसाड पडलेल्या जागा पुष्कळ होत्या. १९४७ पासून आल्डो व्हान आयक या वास्तुशिल्पकाराने अशा जागांवर लहान लहान क्रीडांगणे रचावयास प्रारंभ केला. एक क्रीडांगण पाहून दुसऱ्या वस्तीतील नागरिक नगरपालिकेकडे तशीच मागणी करीत. पुढील तीसेक वर्षांत अशी सातशेहून अधिक क्रीडांगणे उभी राहिली. त्यांत महागडी साधने नव्हती. वाळूचा हौद, काही दगडी ठोकळे व लोखंडी कमानी एवढ्यांवर मुलांच्या कल्पना धावत असत.

मैदान तयार झाले, तरी खरी कसोटी पुढेच असते. पुष्कळदा मोठी मुले क्रिकेटसाठी सारे मैदान व्यापतात, आणि मुली व लहान मुले कडेला उभी राहतात. ज्या मुलीने दगड वेचले, तिलाच खेळावयास जागा नसेल, तर ते श्रमदान वाया गेले असे समजावे. म्हणून खेळांच्या वेळा सर्वांनी मिळून ठरविल्या पाहिजेत व त्या पाळल्या पाहिजेत. त्याचप्रमाणे पहिल्या पावसाळ्यातच मैदानावर गवत माजते व मुरूम वाहून जातो. एक दिवस उत्साहाने राबणारे पुष्कळ असतात. दर महिन्यास पुन्हा फावडे हाती घेणारे थोडे असतात. गावाचे अंगण टिकते, ते त्या थोड्यांमुळे. त्यांची संख्या वाढविणे प्रत्येक मुलामुलीच्या हाती आहे.

शब्दार्थ
सुगी – पीक कापणीचा व मळणीचा काळ
खळे – मळणीसाठी तयार केलेली जागा
मल्ल – पहिलवान
फक्की – रेषा आखण्यासाठी वापरावयाची पांढरी भुकटी

स्वाध्याय
१. गावातील मोकळ्या जागा कमी का होत गेल्या?
२. 'खेळाडू एकटा जिंकतो. परंतु त्याच्या पायाखालची माती अनेकांनी तयार केलेली असते.' या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.
३. चर खणणे व मैदान तयार करणे यांत साम्य कोणते व भेद कोणता?
४. मैदान सर्वांचे राहावे म्हणून कोणते नियम करावेत, ते वर्गात चर्चा करून लिहा.
५. आपल्या गावातील किंवा वस्तीतील एका मोकळ्या जागेची मापे घ्या व तिचा आराखडा काढा.