शाळेंतील पुढारी : एक दुभाष्या

विद्यार्थिमंडळाची निवडणूक झाली, नव्या प्रमुखांच्या छातीवर बिल्ले चढले, म्हणजे पालकांस आनंद होतो व मुलांस मान मिळाल्यासारखें वाटतें. हा आनंद योग्यच आहे. परंतु हें पुढारीपण कोणासाठीं असतें, आणि ज्यास बिल्ला मिळाला नाहीं त्यास तें मुळींच साधत नाहीं काय, याचा विचार सहसा होत नाहीं. तो करण्यासाठीं आपल्याच महाराष्ट्रांतील एका पुरुषाचें उदाहरण घेऊं.

संत गोन्सालो गार्सिया याचा जन्म सुमारें १५५७ सालीं वसई येथें झाला. बाप पोर्तुगीज, आई तेथीलच. येशूसंघीय धर्मगुरूंच्या हाताखालीं तो शिकला आणि सुमारें पंधरा वर्षांचा असतां त्यांच्याबरोबर जपानांत गेला. तेथील भाषा त्यानें इतकी उत्तम आत्मसात केली कीं, धर्मशिक्षण देण्याचें काम त्याजकडे आलें. येशूसंघांत प्रवेश मिळावा ही त्याची मोठी इच्छा होती. ती सफळ झाली नाहीं. तेव्हां त्यानें व्यापार केला व त्यांत यश मिळविलें. पुढें मनिला येथें तो फ्रान्सिस्कन संघांत गेला, तोही धर्मगुरु म्हणून नव्हे, तर साधा बंधु म्हणून. १५९३ सालीं फादर पेद्रो बाप्तिस्ता हे फिलिपाइन्सच्या स्पॅनिश गव्हर्नराचे वकील होऊन जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याजकडे गेले, तेव्हां दुभाष्याचें काम गोन्सालोनें केलें. क्योतो शहरांत या बंधूंनीं मठ बांधला आणि कुष्ठरोग्यांची शुश्रूषा केली. पुढें हिदेयोशीची मर्जी फिरली. ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं नागासाकी येथें सव्वीस जणांस क्रुसावर ठार मारण्यांत आलें. त्यांत हा वसईकर होता, आणि बारा-तेरा वर्षांचीं मुलेंही होतीं. १८६२ सालीं त्या सर्वांस संत म्हणून घोषित करण्यांत आलें.

या चरित्रांत दोन गोष्टी ध्यानांत घेण्याजोग्या आहेत. पहिली ही कीं, त्याला हवी ती जागा मिळाली नाहीं. तरीही सेवा त्याच्या हातून घडली. दुसरी ही कीं, त्याचें मोठें काम दुभाष्याचें होतें. दुभाष्यास दोन्हीं भाषा याव्या लागतात. एकानें जें सांगितलें तेंच दुसऱ्यास सांगावें, पदरचें कांहीं घालूं नये, आणि अप्रिय असलें तरी कांहीं गाळूं नये, हा त्याचा धर्म. शाळेंतील पुढाऱ्याचें कामही हेंच आहे, असें माझें मत आहे.

जालना जिल्हा १९८१ सालीं स्वतंत्र झाला. येथील एकाच वर्गांत पोलादाच्या कारखान्यांतील कामगाराचा मुलगा, व्यापाऱ्याची मुलगी, मोसंबीच्या बागवानाचें लेकरूं आणि कोरडवाहू शेतकऱ्याचें लेकरूं शेजारीं शेजारीं बसतात. कोणाच्या घरीं मराठी, कोणाच्या घरीं उर्दू, तर कोणाच्या तांड्यावर बंजारा बोली. शाळेची सूचना, फीची मुदत, परीक्षेचा अर्ज, ही सारी भाषा कित्येक आईबापांस परकीच. ती त्यांस नीट उलगडून सांगणें ही सेवा होय.

आतां उलट बाजू पाहा. दसरा-दिवाळी झाली म्हणजे या जिल्ह्यांतील कित्येक कुटुंबें मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीस जातात, तीं उन्हाळ्याच्या तोंडीं परततात. २०१२-१३ सारख्या दुष्काळांत तर गांवोगांवीं पाण्यासाठींच टँकरची वाट पाहावी लागली. वर्गांतील एक बांक रिकामा होतो. हजेरीपटावर केवळ ‘गैरहजर’ अशी नोंद होते. तिच्यामागील कारण पटाला ठाऊक नसतें. तें ठाऊक असतें शेजारीं बसणाऱ्यास. त्यानें तें वेळेवर गुरुजींच्या कानीं घातलें, तर कुटुंब निघण्यापूर्वीं आईबापांशीं बोलतां येतें. मूल आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहांत ठेवतां येईल काय, हें पाहतां येतें. तो गप्प राहिला, तर पुष्कळदां त्या मुलाची शाळा कायमची सुटते.

येथें कोणी म्हणेल, ही तर चहाडी झाली. तसें नाहीं. चहाडखोर दुसऱ्यास शिक्षा व्हावी म्हणून बोलतो. दुभाष्या दुसऱ्याची गरज भागावी म्हणून बोलतो. बोलण्यापूर्वीं त्या सोबत्याची संमति घ्यावी, आणि त्याच्या घरची अडचण चारचौघांत उघडी करूं नये. ज्यास इतका विवेक साधला, त्यास पुढारी म्हणावें.

प्रभु येशूनें अखेरच्या भोजनाच्या वेळीं शिष्यांचे पाय स्वतः धुतले, हें आपण दर वर्षीं पवित्र गुरुवारीं स्मरतों. त्याचा शाळेपुरता अर्थ हाच कीं, वर्गप्रमुखानें रांगेच्या पुढें उभें राहण्यापूर्वीं रांगेच्या शेवटीं कोण उभा आहे, हें पाहून यावें.

पालकांस एक विनंति. मूल घरीं आलें म्हणजे ‘तुला कोणतें पद मिळालें?’ असें न विचारतां ‘तुझ्या वर्गांत आज कोण आलें नाहीं, आणि कां?’ असें विचारावें. आणि विद्यार्थ्यांनो, ज्यांस बिल्ला मिळाला त्यांनीं याच प्रश्नापासून वर्षाचा आरंभ करावा. ज्यांस मिळाला नाहीं त्यांनींही करावा. त्यासाठीं निवडणूक लागत नाहीं.