तारपा

जव्हार आणि मोखाडा हे पालघर जिल्ह्यातील डोंगराळ तालुके. पावसाळ्यात येथील उतारांवर भात, नागली आणि वरई यांची शेते डोलू लागतात. त्याच सुमारास एखाद्या वारली घराच्या कुडावर दुध्या भोपळ्याचा वेल चढलेला दिसतो. वेलाची कोवळी फळे भाजीसाठी खुडली जातात. एखादे लांब, डौलदार फळ मात्र तसेच ठेवले जाते. ते खाण्यासाठी नव्हे, वाजविण्यासाठी राखलेले असते. ज्या घरात पावसाळ्यात धान्य जपून वापरावे लागते, त्या घराने एक फळ असे सोडून द्यावे, ही गोष्ट लहान नव्हे.

फळ पिकून वाळले, की आतील गर व बिया काढून ते पोकळ करतात. ही तारप्याची छाती. तिच्या एका टोकाशी फुंकण्याचे छिद्र असते. दुसऱ्या टोकाला भोके पाडलेल्या वेळूच्या दोन नळ्या शेजारी-शेजारी बसवितात. नळ्यांतील वेळूच्याच पातळ जिभा थरथरल्या, की स्वर निघतो. शेवटी ताडाच्या पानांचा भला मोठा कर्णा जोडतात आणि सांधे मधमाश्यांच्या मेणाने बुजवितात. मेण म्हणजे तरी काय? एका परीने तेही फुलांचेच देणे!

भात पिकले, की तारपा अंगणात येतो. वादकाभोवती स्त्रीपुरुष एकमेकांच्या कमरेला हात घालून फेर धरतात. तो वळेल तिकडे सारी रांग वळते. तारप्याला कोणी पाठ दाखवीत नाही. सूर पालटला, की पावले पालटतात. वारली चित्रांत वेटोळ्यासारखे रिंगण दिसते, ते हेच. वादकाचा सूर मात्र तुटत नाही. गालांत साठविलेली हवा बाहेर लोटीत असतानाच तो नाकाने नवा श्वास घेतो. मुलांनो, पाण्याच्या पेल्यात नळी घालून हे एकदा करून पाहा. बुडबुडे न थांबविता चार श्वास घेणेही कठीण जाते!

जव्हार तालुक्यातील वाळवंडे गावचे भिकल्या लाडक्या धिंडा हे नव्वदीच्या घरातही तारपा वाजवीत व स्वतः घडवीत. २०२६ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

दिवाळी सरली, की येथील अनेक कुटुंबे मजुरीसाठी भिवंडी, नाशिक, मुंबईकडे निघतात आणि अंगणे ओस पडतात. यंत्रावरील गाणे कळ दाबताच वाजते. तारप्यासाठी मात्र एक अख्खा पावसाळा वाट पाहावी लागते. म्हणून जाणता वादक भोपळा पोकळ करताना त्यातील टपोरे बी निवडून वाळवितो आणि कामासाठी घर सोडण्यापूर्वी फडक्यात बांधून आढ्याला टांगून ठेवतो.